पान्याला जोड लावली की आकडा बदलतो

नट किती आवळावा, हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. हाताला घट्ट लागला की झाले, असे म्हणणारे जुने मिस्त्री प्रत्येक गॅरेजात भेटतात आणि त्यांच्या हाताचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो. परंतु इंजिनाचे हेड, गाडीचे चाक, ब्रेकची नळी, वातानुकूलन यंत्राचा तांब्याचा पाइप अशा ठिकाणी अंदाजावर भागत नाही. तेथे कंपनीच्या पुस्तकात आकडा छापलेला असतो, आणि तो आकडा मोजून देणारे हत्यार म्हणजे टॉर्क रेंच. आपल्या वस्त्यांतून दरवर्षी कितीतरी मुले, आणि आता मुलीही, आयटीआयमध्ये फिटर, मोटार मेकॅनिक, रेफ्रिजरेशन अशा ट्रेडना जातात. त्यांच्या हाती हे हत्यार येते. आकडा कसा लावावयाचा हे त्यांना दाखविले जाते. परंतु रेंचच्या तोंडाला जोड लावली तर तो आकडा तसाच ठेवावयाचा की बदलावयाचा, येथे भलेभले कारागीर गडबडतात. या लेखात तेवढ्या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

विषय कारखान्याचा आहे म्हणून मायभगिनींनी पान उलटू नये. ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना यातील अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे. जात्याचा खुंटा तळीच्या अगदी कडेला का ठोकलेला असतो? तोच खुंटा मधल्या खिळीजवळ ठोकला असता तर चार बायकांच्यानेही जाते फिरले नसते. खुंटा मधापासून जितका दूर, तितका कमी जोर लागतो. दाराचेही तसेच आहे. कडीजवळ बोटाने ढकलले तरी दार उघडते, बिजागरीजवळ खांदा लावावा लागतो. म्हणजे फिरविण्याचे काम केवळ जोरावर होत नाही. जोर आणि मधापासूनचे अंतर, या दोहोंच्या गुणाकारावर ते होते. या गुणाकाराला शाळेच्या पुस्तकात ‘बलाचे आघूर्ण’ असे जड नाव आहे. कारखान्यात त्याला टॉर्क म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला तर नटावर दहा किलोग्रॅम-मीटर टॉर्क पडतो. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर तेवढ्याच जोरात पाचच पडतो. हल्लीच्या पुस्तकांत हा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, कामापुरते दहा धरले तरी चालते. काही रेंचवर मात्र फूट-पाउंडाच्या खुणा असतात आणि एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तकातला न्यूटन-मीटरचा आकडा फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावला की नट ३६ टक्के जास्त आवळला जातो, हे ध्यानात असू द्यावे. पुढे याचा संबंध येणार आहे.

या हत्याराचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणारे कॉनरॅड बाहर यांना १९१८ च्या सुमारास याची कल्पना सुचल्याचे सांगतात. जमिनीखालच्या नळांच्या जोडावरचे बोल्ट माणसे अंगात येईल तेवढ्या जोराने आवळीत आणि ते तुटत. ही कटकट थांबावी म्हणून किती जोर लागला ते दाखविणारा पाना त्यांनी केला. साहेब लोकांच्या प्रयोगशाळेतून नव्हे, तर नळ जोडणाऱ्यांच्या अडचणीतून हे हत्यार निघाले, याची आम्हांस मौज वाटते.

आता हत्यार पाहू. सर्वत्र जास्त करून वापरला जातो तो ‘टक्’ असा आवाज करणारा रेंच. त्याच्या दांड्यात स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा लावला की स्प्रिंग तितकी दाबली जाते. नट आवळता आवळता त्या आकड्याला टॉर्क पोचला की आतला भाग सटकतो, हाताला झटका जाणवतो आणि टक् असा आवाज येतो. तेथे थांबावयाचे. आवाज आल्यावर ‘आणखी एकदा खात्री’ म्हणून पुन्हा ओढणे ही आपल्याकडची खास सवय आहे. ती मोडावी, कारण प्रत्येक जादा ओढीत नट थोडा थोडा पुढे सरकू शकतो.

या साऱ्यात मुख्य गोष्ट अशी की रेंच मोजतो तो टॉर्क त्याच्या स्वतःच्या तोंडाशी, म्हणजे ज्या चौकोनी खुंटीवर सॉकेट बसते तेथे. त्या खुंटीच्या पलीकडे काय जोडले आहे याचा त्याला पत्ता नसतो. सॉकेट थेट नटावर असेल तेव्हा खुंटीचा मध्य आणि नटाचा मध्य एकाच रेषेत येतो, म्हणून रेंचवरचा आकडा तोच नटावरचा आकडा. नट खुंटीच्या रेषेतून बाजूला गेला की दोन्ही आकड्यांची फारकत होते.

येथेच जोडीचे दोन प्रकार वेगळे करावयास हवेत, कारण सगळा घोटाळा त्यांची सरमिसळ केल्याने होतो.

पहिली उभी जोड. सॉकेट आणि रेंच यांच्यामध्ये जो सरळ दांडा घालतात, ज्याला सगळे नुसते एक्स्टेंशन म्हणतात, तो. स्कूटरचा प्लग खोल खड्ड्यात असतो, तेथे हा दांडा घातल्याशिवाय हात पोचत नाही. हा दांडा नटाच्याच रेषेत उभा राहतो. त्याने रेंच नटापासून वर गेला, बाजूला गेला नाही. म्हणून आकडा बदलावयाचा नाही. दांडा तीन इंचांचा असो वा दहा इंचांचा, एका टोकाला दिलेला टॉर्क दुसऱ्या टोकाला तितकाच पोचतो. दांडा लांब व बारीक असेल तर तो थोडा पिळतो, म्हणून रेंच जरा जास्त फिरवावा लागतो, पण टक् वाजण्याच्या क्षणी नटावर टॉर्क तोच असतो. काळजी घ्यावयाची ती एवढीच की दांडा तिरपा होऊ देऊ नये. एका हाताने रेंचच्या तोंडाला वरून आधार द्यावा, दुसऱ्याने मूठ सावकाश ओढावी, धक्का देऊ नये. मध्ये वाकणारा सांधा, ज्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात, तो घातला तर मात्र कोनाप्रमाणे टॉर्क कमीजास्त होतो. मोजून आवळावयाच्या नटाला तो टाळलेला बरा.

मग ‘लांब दांडा लावला की जोर कमी पोचतो, म्हणून आकडा थोडा वाढवून लाव’ हा सल्ला आला कोठून? तो आला टायरच्या दुकानातून. तेथे हवेवर चालणारी गन असते. ती सलग जोर देत नाही, ठोके देते, आणि लांब दांडा त्या ठोक्यांतला काही भाग स्प्रिंगसारखा पिळून स्वतःच पचवतो. गनबाबत हे खरेच आहे. याच गुणाचा उपयोग करून ठरावीक जाडीचे दांडे मुद्दाम बनवतात, म्हणजे गनने नट फार आवळला जाऊ नये. परंतु गनचा नियम हाताने सावकाश ओढावयाच्या टॉर्क रेंचला लावणे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक पाहून एस.टी. पकडायला जाण्यासारखे आहे. दुचाकीच्या बारीक प्लगला दहा-बारा न्यूटन-मीटर पुरतात. त्यात उभ्या जोडीच्या नावाखाली चार-पाच वाढवले तर हेडमधले अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि शंभर-दीडशेच्या प्लगपायी हेड खोलण्याची पाळी येते.

दुसरी आडवी जोड. नटाच्या डोक्यावर काही आडवे आले असेल, नळी असेल, सॉकेट वरून बसतच नसेल, तेव्हा रेंचच्या खुंटीवर एक छोटे उघडे तोंड बसवतात आणि बाजूने नट पकडतात. त्याला क्रो-फूट म्हणतात, म्हणजे कावळ्याचा पाय. आकार पाहिला की नाव पटते. कोणी रिंग पान्याचा तुकडा चौकोनी भोक पाडून वापरतात, कोणी सपाट पट्टीची जोड करून घेतात. तत्त्व एकच. नट आता खुंटीच्या खाली नाही, पुढे गेला आहे. नटापासून हाताचे अंतर वाढले. जात्याचा खुंटा आणखी बाहेर गेला! हात तेवढाच जोर लावतो, रेंचला त्याच्या तोंडाशी तेवढाच टॉर्क जाणवतो, पण नटावर मात्र त्याहून जास्त पडतो.

किती जास्त? येथे इंजिनिअरची गरज नाही, शाळेतले त्रैराशिक पुरते. आम्ही टेबलावर बसून बेरीज-वजाबाकी करणारी माणसे, पण हा हिशेब आमच्यासारख्या बी.कॉम. माणसालाही करता येतो. दोन लांब्या मोजावयाच्या. पहिली, रेंचच्या चौकोनी खुंटीच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत, जेथे हात धरावयाचा तेथपर्यंत. काही रेंचवर तेथे रेघ आखलेली असते. हिला रेंचची लांबी म्हणू. दुसरी, त्याच खुंटीच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत. ही जोडीची लांबी. मग पुस्तकातल्या आकड्याला रेंचच्या लांबीने गुणावे आणि दोन्ही लांब्यांच्या बेरजेने भागावे. जे उत्तर येईल ते रेंचवर लावावे.

उदाहरण घेऊ. पुस्तकात १०० न्यूटन-मीटर आहे. रेंच ४०० मिलिमीटर, जोड १०० मिलिमीटर. शंभर गुणिले चारशे भागिले पाचशे, उत्तर ८०. रेंचवर ८० लावावयाचे, नटावर १०० पडतील. आकडा न बदलता १०० च ठेवले तर नटावर १२५ पडतील, म्हणजे पंचवीस टक्के जादा. लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. जोड रेंचच्या लांबीच्या जितके टक्के, तितके टक्के नट जास्त आवळला जातो. येथे एक फसगत होते. नट पंचवीस टक्के जास्त आवळला जातो म्हणून आकडा पंचवीस टक्के कमी करावा, असे सहज वाटते. तसे केले तर ७५ लावले जातील आणि नट सैल राहील. कमी करावयाचे ते वीसच टक्के. व्यापारी गणित शिकलेल्यांना हे नवे नाही. खरेदीवर पंचवीस टक्के नफा तो विक्रीवर वीस टक्के असतो. रक्कम एकच, कशाचे टक्के काढले ते वेगळे.

आणखी एक बाब या हिशेबातून निघते. जोड तीच ठेवून रेंच लांब घेतला तर फरक कमी होतो. पन्नास मिलिमीटरची जोड अडीचशेच्या रेंचला लावली तर वीस टक्के फरक पडतो, पाचशेच्या रेंचला लावली तर दहाच. जागा असेल आणि पुस्तकातला आकडा त्या रेंचच्या पट्टीवर मधल्या भागात बसत असेल, तर लांब रेंच बरा.

आमच्याकडे रविवारी जमणाऱ्या अभ्यासवर्गात एक अप्रेंटिस मुलगा येतो. त्याच्यावर गेल्या वर्षी याच कारणाने प्रसंग ओढवला. तो ज्या वर्कशॉपमध्ये शिकतो तेथे एका अॅल्युमिनियमच्या घरावरचा बोल्ट आवळताना आटे निघाले. सुपरवायझरने विचारले, “पुस्तकात किती आहे?” हा म्हणाला, “तीस, साहेब.” “तू किती लावलेस?” “तीसच.” “मग आटे गेले कसे? एक तर तू खोटे बोलतोस, नाही तर तुझा हातच आडदांड आहे.” घराची किंमत विद्यावेतनातून कापावयाचे ठरले. मुलगा अभ्यासवर्गात गप्प बसून होता. दोन-तीनदा विचारल्यावर बोलला. रेंच कोणता, जोड कोणती, असे एकेक विचारीत गेल्यावर समजले की नळी आडवी आली म्हणून त्याने पुढे क्रो-फूट लावला होता. मोजपट्टी मागविली. रेंच २५० मिलिमीटर, जोड ५०. तीस गुणिले अडीचशे भागिले तीनशे, म्हणजे रेंचवर पंचवीस हवे होते. तीस लावल्याने बोल्टावर छत्तीस पडले. बोल्ट त्याआधीही अनेकदा उघडझाप झालेला होता, आटे आधीच दमलेले, त्यात अॅल्युमिनियम. सहा न्यूटन-मीटर त्याला भारी पडले.

मुलगा खोटे बोलला नव्हता आणि त्याचा हातही आडदांड नव्हता. सुपरवायझरही पुस्तकाप्रमाणेच बोलत होते. चूक होती ती पुस्तकातला आकडा आणि रेंचवरचा आकडा यांच्यामधल्या दोन इंचांत, आणि ते दोन इंच कोणी मोजलेच नव्हते. मुलाने सारा हिशेब एका कागदावर मराठीत मांडून फोरमनना दिला. त्यांनी तो शांतपणे पाहिला, स्वतः मापे घेतली आणि मान हलविली. कपात काही थांबली नाही, ती वरच्या ऑफिसातून मंजूर होऊन आली होती. पण पुढल्या आठवड्यात टूलरूमच्या भिंतीवर कोणत्या जोडीला किती आकडा लावावा याचा तक्ता लागला, तो आजही तेथे आहे. ज्याचे पैसे कापले त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

हे काही आमचे घरगुती शोधकाम नव्हे. अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने विमानांच्या दुरुस्तीसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे, तीत हेच सूत्र आकृतीसह दिलेले आहे. तेथल्या मेकॅनिकला ते पाठ असावे लागते. मग आपल्याकडच्या मुलाला ते कोणी सांगितले नाही, तर दोष नुसता मुलाच्या माथी मारणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आता कोनाचा प्रश्न. वरचा हिशेब जोड रेंचच्या अगदी सरळ पुढे असताना लागू पडतो. क्रो-फूट वळवून रेंचशी काटकोनात बसविला तर काय होईल? नट पुढे न जाता बाजूला गेला. हात ज्या दिशेने ओढतो त्याच दिशेने तो सरकला, त्यामुळे जोराची रेघ आणि नट यांच्यातील सरळ अंतर बदलत नाही. म्हणून काटकोनात आकडा तोच ठेवावयाचा. जागा मिळत असेल तर अनुभवी कारागीर जोड नेहमी काटकोनातच लावतात, हिशेबाची कटकटच नको. पंचेचाळीस अंशाच्या मधल्या कोनात जोडीची सुमारे सात दशांश लांबी धरावी. वरच्या मुलाच्या उदाहरणात पन्नासऐवजी पस्तीस धरले तर रेंचवर साधारण सव्वीस लावावे लागले असते. आणि जोड उलटी, मुठीच्या बाजूला वळवून लावली तर नट हाताच्या जवळ येतो. मग बेरजेच्या जागी वजाबाकी करावयाची. तीस गुणिले अडीचशे भागिले दोनशे, उत्तर साडेसदतीस. तेथे आकडा वाढवावा लागतो. अशी वेळ क्वचित येते, पण इंजिनाच्या अडचणीच्या कोपऱ्यात येते खरी.

हाताच्या जागेबद्दलही बोलले पाहिजे. जोड नसताना हात थोडा मागेपुढे झाला तर फारसे बिघडत नाही. जोड असताना बिघडते, कारण आपण भागाकार करताना हात मुठीच्या मध्यावर आहे असे धरलेले असते. चारशेच्या रेंचला शंभरची जोड लावून ८० लावले, पण हात पन्नास मिलिमीटर पुढे धरला, तर नटावर शंभराऐवजी सुमारे १०३ पडतात. हे चालण्यासारखे आहे. दांड्यावर पाइप चढवून हात आठशे मिलिमीटरवर नेला तर उलट होते. रेंच नव्वद पडतात तोच टक् वाजवतो आणि नट दहा टक्के सैल राहतो. पाइप चढवला म्हणजे जास्त आवळले जाते हा समज येथे साफ उलटा ठरतो. तसेही टॉर्क रेंचवर पाइप चढवणे हा त्या हत्याराचा छळ आहे, तो करू नये. ट्रक-बसच्या चाकाच्या नटाला काही शे न्यूटन-मीटर लागतात. त्यासाठी लांब रेंच मिळतो, दातांच्या चाकांचा गुणक मिळतो. त्या गुणकाचा हिशेब त्याच्या अंगावर लिहिलेल्या पटीने करावयाचा, आपल्या त्रैराशिकाने नव्हे.

जास्त आवळले तर एवढे काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. बोल्ट ही एक ताठ स्प्रिंगच असते. आवळताना ती किंचित ताणली जाते आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. आपण लावलेल्या शंभर भाग टॉर्कपैकी ढोबळमानाने पन्नास भाग बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात जातात आणि प्रत्यक्ष ताण द्यायला उरतात अवघे दहा. सरकारी योजनेतल्या पैशासारखी गत! म्हणूनच आट्यांना तेल लावल्याने मोठा फरक पडतो. पुस्तकात कोरडे आटे सांगितले असताना तेल लावले की घर्षण घटते, वाचलेला सारा वाटा ताणात जातो आणि बोल्ट नको इतका ताणला जातो. एकदा बोल्ट त्याच्या मर्यादेबाहेर ताणला गेला की तो परत मूळ लांबीवर येत नाही. कधी लगेच तुटतो, ते एकापरी बरे, कळते तरी. कधी तसाच राहतो आणि पुढे रस्त्यावर, भरल्या गाडीत जातो. सैल राहिलेल्या नटाचेही तेच, तो हादऱ्यांनी हळूहळू सुटतो.

आता मघाच्या फूट-पाउंडाची आठवण करू. न्यूटन-मीटरचा आकडा फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावला आणि वर शंभरची आडवी जोड चारशेच्या रेंचला लावून आकडा बदलला नाही, तर दोन्ही चुका एकमेकींत मिळतात. छत्तीस आणि पंचवीस मिळून एकसष्ट होत नाहीत, गुणाकार होऊन सुमारे सत्तर टक्के जादा होतात. चक्रवाढ व्याज शिकलेल्यास नवल वाटणार नाही.

याउलट रेंच स्वतः किती चुकतो ते पाहा. दहा न्यूटन-मीटरच्या वरच्या टक्‌वाल्या रेंचला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वरखाली चार टक्क्यांचीच मुभा आहे. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यावा असे सांगितले जाते. मोठे कारखाने या तपासणीची प्रमाणपत्रे फाइलला लावून ठेवतात, ऑडिटला दाखवितात. चार टक्क्यांसाठी एवढी कागदपत्रे आणि तोंडाला दोन इंचांची जोड लावून वीस-पंचवीस टक्के वाऱ्यावर. आमच्या हिशेबनिसाच्या डोक्याला हे पटत नाही.

दोन अपवाद सांगितले पाहिजेत, नाही तर आमचे त्रैराशिक वाचून कोणी नको तेथे भागाकार करील. पहिला असा. काही कंपन्यांच्या पुस्तकांत एकाच नटाला दोन आकडे असतात, एक साध्या सॉकेटसाठी आणि एक कंपनीच्या खास हत्यारासह. दुसरा आकडा जोडीचा हिशेब करूनच दिलेला असतो. मात्र तो कोणत्या लांबीच्या रेंचसाठी आहे तेही तेथेच लिहिलेले असते, ते वाचावे. आपला रेंच त्या लांबीचा नसेल तर साध्या सॉकेटचा आकडा घेऊन स्वतः हिशेब करावा.

दुसरा अपवाद वातानुकूलन यंत्रे बसविणाऱ्या मुलांसाठी. त्यांच्या कामात तांब्याच्या पाइपाच्या फ्लेअर नटाला मोजून आवळावे लागते, पाव इंची पाइपाला साधारण चौदा ते अठरा न्यूटन-मीटर, पाइप जाड होईल तसा आकडा वाढत जातो. कमी आवळला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर पाइपाचे फुलवलेले तोंड चिरते आणि मग गळतो. या कामाच्या रेंचला पुढे उघडे तोंड आधीपासूनच बसविलेले असते आणि रेंच त्या तोंडासकट तपासलेला असतो. तेथे काही बदलावयाचे नाही, पट्टीवरचा आकडा तोच नटावरचा. मात्र ज्या रेंचची तोंडे काढून दुसरी घालता येतात, त्यात मूळच्यापेक्षा लांब तोंड घातले की जितके ते लांब, तितकी जोड लागली असे समजून वरचाच हिशेब करावा.

काम झाल्यावर रेंचचा आकडा पट्टीवरच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, त्याहून खाली नेऊ नये. स्प्रिंग दिवसेंदिवस दाबलेली राहिली तर तिचा ताण बदलतो. आणि गंजलेला नट सोडविण्यासाठी हा रेंच कधीही वापरू नये. त्यासाठी साधा लांब पाना आहे, टॉमी आहे.

आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी आता आपापल्या रेंचची लांबी दांड्यावर रंगाने लिहून ठेवली आहे आणि प्रत्येक क्रो-फूटवर त्याची खुंटीपासून नटापर्यंतची लांबी पंच केली आहे. खिशात छोटी वही असते. पुस्तकातला आकडा, रेंच, जोड, कोन, लावलेला आकडा असे पाच रकाने त्यांनी स्वतःच आखले. पहिल्या पानावर तारीख आणि गाडीचा नंबरही घालावा, अशी सूचना एका मुलीने केली, ती सर्वांना पटली.